भेगेच्या उशाशी

मित्रांनो, मी एक जुनी भेग आहे. इराणातल्या वाळवंटाच्या काठी, डोंगराच्या पायथ्याशी, जमिनीत खोलवर पसरले आहे. माझा जन्म कुणी पाहिला नाही. मलाही तो आठवत नाही. बहुतेक वेळ मी झोपेतच असते.

माझ्या दोन अंगांना दोन प्रचंड खडक आहेत. ते एकमेकांना सतत रेटतात, पण पावसात फुगलेल्या दारासारखे अडकून बसतात. रेटा साठत जातो. मग कधीतरी ते हिसक्यासरशी सरकतात आणि वरची जमीन हादरते. त्यालाच तुम्ही भूकंप म्हणता. तो कधी होणार, हे मात्र विचारू नका. मलाच ठाऊक नसतं.

तरी लोक माझ्या उशाशीच राहतात. का? अहो, पाणी! डोंगरातलं पाणी जमिनीखालून येतं, माझ्यापाशी अडतं आणि झरा होऊन वर निघतं. त्यावर डाळिंबं पिकतात. लोक ओंजळीने पितात, "काय गोड आहे!" म्हणतात, आणि मी झोपेतच सुखावते.

गुलअंदामचं घर झऱ्याला लागूनच. इथली रीत अशी, की दर शरदात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, भुसा कालवलेल्या चिखलाचा नवा थर द्यायचा. जुना थर कुणी खरवडत नाही. तिचा नवरा एस्कंदर गुणगुणत चिखल तुडवायचा. त्याचं पाऊल मला झोपेतही कळायचं. तो वारला. मागे राहिली गुलअंदाम, लेक तूबा आणि डोक्यावरचे ते सगळे थर.

पुन्हा शरद आला. तिचा भाऊ मुराद फावडं घेऊन आला आणि वर बघून थबकलाच.

"ताई, हे धाबं आहे की डोंगर? तुळया वाकल्यात बघ. आधी जुनं उतरवू."

"हात तर लाव, मग बघते! तुझ्या दाजींच्या हातचं आहे ते."

"दाजी असते ना, तर हेच फावडं माझ्या पाठीत घातलं असतं. इतके दिवस झोपला होतास का, म्हणून."

गुलअंदाम हसली नाही. "मग माझ्याकडे त्यांचं राहील काय रे?"

अंथरूण गुंडाळता गुंडाळता तूबा म्हणाली, "मी आहे की, आई. आणि मी ह्याच्याच खाली झोपते."

मला खालून ओरडावंसं वाटलं, उतरव गं बाई! पण मला बोलता कुठे येतं? मला फक्त हलता येतं.

गुलअंदाम वाकलेल्या तुळयांकडे बघत राहिली. मग ओढणी कमरेला खोचून स्वतःच शिडी चढली. टोपलीमागून टोपली माती उतरवताना तिचे डोळे वाहत होते. एका थरात एस्कंदरच्या टाचेचा ठसा निघाला. ते ढेकूळ तिने डाळिंबाच्या बुंध्याशी जपून ठेवलं. धाब्यावर एकच पातळ थर दिला.

हिवाळा सरताना, एका दुपारी, खडक सरकले. मला थांबवता आलं नाही, मित्रांनो. तूबा आत झोपली होती. भिंती तडकल्या, माती झरली, पण हलकं धाबं तुळयांवर तगून राहिलं. गुलअंदामने लेकीला ओढत अंगणात आणलं. पलीकडची जड धाबी मात्र खाली बसली. ती घरं मला अजून स्वप्नात दिसतात.

दुसऱ्या दिवशी झरा गढूळ होता. "जळलं मेलं तुझं पाणी!" म्हणत गुलअंदामने मला खूप शिव्या घातल्या. पाणी निवळेपर्यंत मात्र ती तिथेच बसून राहिली. मग पहिली ओंजळ तिने तूबाला पाजली.

मित्रांनो, मी पुन्हा हलेन. माझ्यावर रागवा हवं तर, पण घर बांधताना मला विसरू नका. भिंती भक्कम करा आणि डोक्यावरचा भार हलका ठेवा. उभ्या राहिलेल्या धाब्यांवरचे जुने थर मुराद आता एकेक करून उतरवतो आहे. त्याच्या फावड्याची खरखर कानी आली की मला पुन्हा शांत झोप लागते.