ओठांचा रंग

माझ्या वडिलांनी, नानांनी, अंबडच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं भांड्यांवर चांदीचा मुलामा चढवला. नोकरी संपल्यावर ते घरीच चांदीचं पाणी बनवू लागले. काचेची बरणी, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, चांदीच्या दोन तारा आणि जुन्या रेडिओचा अडॅप्टर. काम लवकर व्हावं म्हणून चिमूटभर मीठ. आईचा खोकला जुना. ती रोज सकाळी अर्धी वाटी प्यायची.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. नानांच्या दोन बाटल्या मी तिथे तपासल्या. एकीत लिटरला नऊ मिलिग्रॅम चांदी निघाली, दुसरीत एकेचाळीस.

“आईला रोज किती पाजताय हे तुम्हालाच माहीत नाही,” मी म्हणाले.

“चांदीनं जंतू मरतात का नाय, तेवढंच सांग.”

“काचेच्या बशीत मरतात, नाना. आईच्या छातीत मरतात असं कुणी दाखवलेलं नाही.”

“लय शिकली!”

आई वाटी हातात धरून बसली होती. “तुमचं ठरलं की सांगा. तवर मी पिऊन घेते.”

तिसऱ्या वर्षी तिच्या नखांच्या मुळाशी राखाडी छटा आली, मग कपाळ, गाल, ओठ. उन्हात जाणारा भाग आधी. त्वचेत साठलेली चांदी उजेडाने काळवंडते आणि तो रंग परत जात नाही. त्वचेच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आई हसून म्हणाली, “आता दागिने नकोत. मी आख्खीच चांदीची झाले.” त्यानंतर मात्र ती कुणाच्या लग्नाला गेली नाही.

नानांनी डॉक्टरांकडून आलो त्या दिवशीच अडॅप्टर काढून माळ्यावर टाकला, पण चूक कबूल केली नाही. मीही सोडलं नाही. जेवताना, चहा पिताना, पाहुण्यांसमोर मी त्यांना आईचा चेहरा दाखवत राहिले. हळूहळू ते माझ्याशी वाद घालायचे बंद झाले.

गेल्या जानेवारीत आईला ताप आला. तिसऱ्या सकाळी मी डबा भरत होते, साडेसातची बस गाठायची होती. नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“हिचे ओठ आज जास्त निळे दिसतात गं.”

मी झाकण लावत म्हणाले, “तीन वर्षं मी काय सांगतेय? आज दिसलं तुम्हाला?”

ते मागे सरकले. मी दारातूनच आईकडे पाहिलं. ती पडून होती, रंग नेहमीचाच वाटला. मी निघाले.

दुपारी दोनला फोन आला. दवाखान्यात आईच्या बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन एकसष्ट टक्के दाखवत होतं. न्यूमोनिया. डॉक्टरांनी विचारलं, “सकाळी रंग बदललेला दिसला नाही का?”

“तिचा रंग तसाच हाय,” नाना म्हणाले. “चांदीचा.”

दुसऱ्या दिवशी आई गेली.

चांदीचा रंग बोटाने दाबला तरी जात नाही. ऑक्सिजन कमी पडल्याचा निळेपणा दाबल्यावर क्षणभर फिका होतो. हे मी नंतर वाचलं. दोन सेकंदांचं काम होतं.

तेराव्यानंतर नानांनी अडॅप्टर आणि तारा माळ्यावरून काढल्या, बरणीत भरल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या.

“तू खरी होतीस बाई. माझ्या पाण्यानं गेली ती.”

मी मान हलवली असती तर वाद कायमचा माझ्या बाजूने मिटला असता. मला तेच करावंसं वाटलं. पण ते खरं नव्हतं.

“पाण्याने रंग आला, नाना. त्या सकाळचा रंग पाण्याचा नव्हता. तुम्हाला दिसला तो वेगळा होता. तुम्ही बरोबर पाहिलं होतं, मी पाहिलंच नाही.” मग मी त्यांना बोटाने दाबून बघायचं ते सांगितलं.

त्यांनी स्वतःचं नख दाबून पाहिलं. गुलाबी, पांढरं, पुन्हा गुलाबी. दोनतीनदा पाहिलं.

“म्हणजे मला कळलं होतं?”

“हो.”



“मग मी गप का बसलो गं?” त्यांनी विचारलं.

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मला आठवत होतं.