रंगूबाईचा ब्रेकर

बारामतीहून इंदापूरला जाताना काटेवाडी मागं पडली की कालव्याच्या चारीचा फाटा येतो. तिथं एसटीचा कंडक्टर हाळी देतो, "रंगूबाईचा ब्रेकर, चला उतरा." ते ऐकलं की कुशाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घर अगदी फाट्याला लागून, पण बाई हट्टानं पुढच्या थांब्यावर उतरायची आणि बाजाराची पिशवी घेऊन उन्हातून उलटी चालत यायची. त्या वाटेवर रंगूबाईला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या देता येतील तेवढ्या देऊन घ्यायची.

तसं रंगूबाईनं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. झालं होतं इतकंच, की गेल्या हंगामात रंगूबाईचा सुयोग फाट्याच्या वळणावर उसाच्या उभ्या ट्रेलरला मागून धडकला. पाय मोडला, पोरगं वाचलं. ट्रेलर रंगूबाईच्या सख्ख्या दिराचा होता. तरी बाईनं त्याच्यावर फिर्याद दिली आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या मधोमध बैठक मारली. कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली, दीर हात जोडून गेला, सासूनं बोटं मोडली. बाई ढिम्म हलली नाही. शेवटी गावानंच मुरूम आणून, वर डांबर ओतून ब्रेकर केला, आणि त्याला नाव पडलं ते पडलंच.

कुशाबाईचा इंद्रजित याच वळणावर त्याच्या आदल्या हंगामात गेला होता. लोणी देवकरच्या कंपनीतली पाळी संपवून मोटारसायकलवर येत होता. दिवस बुडून नुकतंच कडुसं पडलेलं. वळणावर पंक्चर झालेला ट्रेलर उभा, मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही. आपल्याकडच्या रीतीप्रमाणं मागं चार दगड आणि बाभळीची फांदी ठेवून ड्रायव्हर चहाला गेलेला. दगड काय उजेड पाडतात काय?

हा ट्रेलर मानसिंगचा होता, कुशाबाईच्या पाठच्या भावाचा. दवाखान्याच्या आवारातच मानसिंगनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. नवरा जोतीराम म्हणाला की पोरगा तर गेला, आता भाऊ पण आत घालायचा का? माहेर तुटंल या भीतीनं कुशाबाईनं मान हलवली आणि पोलिसाला सांगितलं, गाडी फाट्याच्या पार अलीकडं खडीवरनं घसरली. ट्रेलर त्याआधीच हलवला होता. झालं. भाऊ वाचला, माहेर राहिलं, आणि गावात बोललं जाऊ लागलं की पोरगं गाडी बेफाम चालवायचं. मुंगीला वाट देणारं पोर ते.

दर राखी-भाऊबीजेला ती सांगवीला माहेरी जायची. कारखान्यानं ट्रेलरला लावायला दिलेल्या लाल चमकत्या पट्ट्या मानसिंगनं नव्या घराच्या गेटवर शोभेला चिकटवल्या होत्या. गाडीचा उजेड पडला की गेट झगमगायचं. त्या गेटातून आत जाऊन ती भावाला ओवाळायची, आणि परत येऊन राग रंगूबाईवर काढायची. लंगडणारं का होईना, तिचं पोर अंगणात होतं. वर रस्त्याला तिचं नावही होतं.

यंदा हंगामाच्या तोंडावर रस्त्याच्या खात्याच्या श्रेया मॅडम पाहणीला आल्या. फाट्यावर माणसं जमली, रंगूबाई आणि कुशाबाईही. जोतीराम आला, ऊसतोडीच्या टोळीचं बघायला आलेला मानसिंगही येऊन उभा राहिला. मॅडमनी सरळच सांगितलं, हा ब्रेकर बेकायदा आहे, काढावा लागेल. वळण सरळ करून दिवे लावायचे तर इथं माणसं दगावल्याची नोंद पाहिजे. नोंदीत एकच धडक दिसते, तीही जखमीची. कुशाबाईला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोला. जाऊ दे की एकदाचं त्या बाईचं नाव!

मॅडमनी रंगूबाईला विचारलं, याआधी इथं कुणी गेलंय का? रंगूबाईनं कुशाबाईकडं एकदा बघितलं. सगळ्या गावाला माहीत होतं ते तिलाही माहीत होतंच. एक शब्द बोलली असती तर तिचा ब्रेकर, तिचे दिवे, सगळं झालं असतं.

"मी माझ्या पोराचं सांगितलं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या पोराचं मी कशाला सांगू? ते ज्याचं त्यानं."

कुशाबाईला ते सोसलं नाही. रस्ता हिनं अडवायचा, दिराशी हिनं भांडायचं, आणि आता मोठं मनही हिनंच दाखवायचं? मग आपण काय केलं? आपण पोराला बेफाम ठरवलं. पदर खोचून ती माणसांतून पुढं झाली.

"पहिला माझा हाय मॅडम. इंद्रजित. गाडी घसरली न्हाय, मी खोटं बोलले. बिनदिव्याचा ट्रेलर उभा हुता हितं, माझ्या भावाचा. त्यो काय, उभा हाय तितं. मानसिंग."

जोतीरामनं मान खाली घातली. मानसिंग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "अक्का, भाऊबीज तोंडावर आली."

"गेटावरचं लाल उतरव," कुशाबाई म्हणाली. "ट्रेलरला लाव. पोलिसाला खरं सांग. मग ये ववाळून घ्यायला."

मॅडमनी विचारलं, नेमकं कुठं झालं ते दाखवता का? दोन वर्षं कुशाबाईनं त्या जागेवर पाय ठेवला नव्हता. ती वळणाच्या आतल्या अंगाला गेली, बाभळीसमोर थांबली, आणि खाली वाकली. मागून कुणीतरी दंड धरला. बघते तर रंगूबाई.

कुशाबाईनं दंड सोडवून घेतला नाही. पण इतक्या दिवसांचं पोटात होतं ते ओठावर आलंच.

"सरक थोडी," ती म्हणाली. "हितं माझा पडला हुता."

रंगूबाई हात न सोडता बाजूला सरकली. मग कुशाबाई खाली बसली, डांबरावर हात ठेवला आणि भर रस्त्यात मोठ्यानं रडली. मागं ट्रॅक्टरांची रांग लागत होती, पण तिला कुणी ऊठ म्हणालं नाही.