शेवटच्या रिळाचा सांधा

उत्कर्षाला सिनेमाचा कंटाळा आला होता. हे ती कुणाला सांगत नसे, कारण पोट सिनेमावरच चालत होतं. शिवाय भेटेल तो म्हणे, काय भाग्यवान हो तुम्ही, दिवसभर जुने सिनेमे बघायला मिळतात. सिनेमे ती बघतच नव्हती. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर, पाठीला उशी लावून, ती फिल्मच्या कडेची फाटलेली भोकं पट्टी लावून सांधत बसायची. वीतभर झालं की पुढची वीत. वीस वर्षांत मान गेली, डोळे अधू झाले, आणि जुन्या फिल्मचा आंबूस वास कपड्यांत इतका मुरला की शेजारीण विचारायची, घरात लोणचं नासलंय का हो?

सध्या टेबलावर एक कृष्णधवल कौटुंबिक सिनेमा होता. त्याची एवढी एकच प्रिंट उरली होती आणि तिचा शेवट काही धड नव्हता. शेवटच्या रिळात एक लहान मुलगी तापाने फणफणते, आई उशाशी बसते, वैद्य मान हलवतो, आणि पुढच्याच क्षणाला तीच मुलगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत गाणं म्हणते. समाप्त. गाणं पहिल्या भागातून उचललेलं होतं. कुणीतरी मधला तुकडा कापून तिथे ते चिकटवलं होतं, आणि सांधा इतका सुबक होता की उत्कर्षाला त्या हाताचा हेवा वाटला.

फिल्म सोसायटीचा अभिनव मात्र डोक्याला हात लावून बसला. 'संपूर्ण सिनेमा, अस्सल फिल्मवर' अशी त्याने जाहिरात करून टाकली होती. प्रिंट जिथून आली तिथेच तुकड्याचं विचारून बघा, असं तो रोज फोन करून सांगायला लागला. शेवटी त्याचा फोन चुकवण्यापेक्षा जाऊन येणं बरं, म्हणून उत्कर्षा निघाली.

प्रिंट आली होती कात्रजच्या पुढच्या, आता शहराच्या पोटात गेलेल्या एका गावातून. तिथल्या आप्पासाहेबांची टूरिंग टॉकीज होती, जत्रेजत्रेला तंबू ठोकून ते खेळ लावायचे. आप्पासाहेब कधीच गेले होते. मुलगा हिंदुराव जमिनींच्या व्यवहारात होता. त्याने आग्रहाने चहा पाजला, पण कापलेल्या तुकड्याचं विचारल्यावर तो आतल्या खोलीकडे बघायला लागला.

"ते आईला इचारा," तो हळूच म्हणाला. "कात्री तिची हाय."

गोदाबाईंनी ऐंशी ओलांडली होती. पलंगावर बसून त्यांनी आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. मशीन आप्पासाहेब चालवायचे आणि तुटलेली फिल्म जोडायचं काम त्यांचं असायचं. हा सिनेमा एका जत्रेत लागलेला असताना त्यांची मुलगी शालू तापाने गेली, तंबूमागच्या पालात. तिचं दिवसकार्य झाल्यावर आप्पासाहेबांनी पुन्हा खेळ लावायचं ठरवलं, पोट काही थांबत नाही. त्याआधी गोदाबाईंनी कात्री घेतली, सिनेमातलं मरण तेवढं कापून काढलं आणि त्या पोरीला अंगणात उड्या मारायला धाडलं. आप्पासाहेबांनी तसाच खेळ लावला. पब्लिक तर खूशच झालं. शेवटच्या गाण्याला 'वन्स मोअर'च्या आरोळ्या उठायच्या आणि आप्पासाहेब रीळ मागे गुंडाळून पुन्हा लावायचे.

"त्यो तुकडा मी कंदी बघितलाच न्हाई," गोदाबाई म्हणाल्या. "खेळाला बाहेर बसायची. कापताना बी नुसती कडंची भोकं बघितली."

मग त्यांनी ट्रंकेतून, लुगड्यांच्या घड्यांखालून, बिस्किटांचा एक डबा काढला. उघडला तसा तोच आंबूस वास आला. आपण काय करतोय हे कळायच्या आत उत्कर्षा म्हणाली, "नको असेल तर राहू द्या, आजी. सिनेमा आहे तसा लावू." इतक्या लांब येऊन असं बोलल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"ऱ्हाऊन ऱ्हाऊन किती ऱ्हाईल," गोदाबाई म्हणाल्या आणि डबा तिच्या मांडीवर ठेवला. "लावशील तवा मला बोलव. तुझ्या शेजारी बशीन."

तुकडा आक्रसला होता, वाळक्या सालीसारखा वळला होता. उत्कर्षाने तो कलाकलाने सरळ केला, भोकं सांधली, गाणं उचलून त्याच्या मूळ जागी नेलं. काम संपत आल्यावर तिने फिल्म सरकवत भिंगातून एकामागून एक चित्रं बघितली. कडा सोडून चित्रांकडे तिने कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. मुलगी गेलेली आहे, आईने तिच्या पायांवर डोकं टेकलंय. आणि मुलीच्या अंगावरची गोधडी वर होतेय, खाली होतेय. पुन्हा वर होतेय. श्वास रोखून पडून राहा म्हणून कुणी त्या लेकराला सांगितलं असेल, आणि तिला ते जमलं नसेल.

अभिनवने बघितलं आणि कपाळावर हात मारला. "उत्कर्षाताई, हे कापा. पुणेकर हसतील."

"एकदा कापून झालंय," ती म्हणाली. "आता नाही."

"बरं, पण चालेल तरी का हा तुकडा मशीनवर?"

"एकदा चालेल. दुसऱ्यांदाचं सांगत नाही."

गोदाबाईंना आधी सांगून ठेवायला हवं, असं तिला रोज वाटायचं. फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. काय सांगणार होती? या वयाच्या बाईला मरण बघायला बोलवायचं आणि वर लोकांचं हसू ऐकवायचं, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

रविवारी सकाळी खेळ लागला, शहरातल्या एका जुन्या थिएटरात, जिथे फिल्मचं मशीन अजून जिवंत होतं आणि ते चालवणारे महिपतीही. हिंदुरावने आईला गाडीतून आणलं आणि उत्कर्षाच्या शेजारी बसवलं. गोदाबाई हात जुळवून, देवळात बसावं तशा बसल्या. गाणं त्याच्या जागी आलं आणि गेलं. शेवटचं रीळ लागलं. मुलगी तापली, वैद्याने मान हलवली. सांधा मशीनमधून बिनआवाज सरकला, आणि पडद्यावरच्या आईने हंबरडा फोडला.

गोधडी वर झाली, खाली झाली. मागच्या रांगेतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "वैद्य बदला म्हणावं." थिएटरभर हसू पसरलं. शेजारी बघायचं धाडस उत्कर्षाला होईना.

गोदाबाई पुढे वाकल्या होत्या. त्यांनी उत्कर्षाचं मनगट धरलं.

"श्वास चाललाय तिचा," त्या म्हणाल्या. "बघ की गं. पोरीचा श्वास चाललाय." पडदा पांढरा झाला तरी त्यांनी हात सोडला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आन मी तिला डब्यात घातली व्हती."

दिवे लागले. लोक उठले, पार्किंगची आणि मिसळीची बोलणी करत बाहेर पडायला लागले. हिंदुराव आईची काठी घेऊन उभा राहिला, पण गोदाबाई काही उठल्या नाहीत. रिकाम्या पडद्याकडे बघत, कुणाची तरी परवानगी मागावी तशा बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "वन्स मोअर."

अभिनव कौतुकाने हसला. मग त्याला दिसलं की उत्कर्षा वरच्या मशीनरूमच्या जिन्याकडे निघालीय. तो मागे धावला. तुकडा तुटेल, तुम्हीच म्हणाला होतात, परत कुठून आणायचा, असं काय काय तो बोलत राहिला. उत्कर्षा कठडा धरून सावकाश चढत होती. गुडघे दुखत होते. मधल्या पायरीवर दम घ्यायला ती थांबली.

"तुटला तर जोडीन," ती म्हणाली. "वीस वर्षं दुसरं काय करतेय मी?"

आणि वर जाऊन तिने महिपतींना रीळ मागे गुंडाळायला सांगितलं.