बसऱ्याची बोली

बनाबाई खाचरात वाकून भाताची रोपं लावत होती, तेव्हा बांधावरून वसंतरावांनी हाक मारली. वसंतराव भोरच्या कचेरीत कारकून होते. बनाबाईचा नवरा चिमाजी परदेशातून उत्रोलीला भावाला पत्रं पाठवायचा, ती तेच वाचून दाखवायचे. त्यामुळे हे कुटुंब कुठं कुठं राहून आलंय, हे त्यांना ठाऊक होतं. आज ते वहाणा हातात घेऊन चिखल तुडवत आले होते.

"बनाबाई, तुमच्या गेनूला अरबी येत होतं ना? अजून येतं का?"

तिनं हातातली रोपं बांधावर ठेवली. गेनू चौदा वर्षांचा होता. परदेशातून परत आल्याला दोन वर्षं झाली, पण त्याच्या तोंडून दिवसाकाठी चार शब्द निघाले तर निघाले. गावातली पोरं त्याच्या बोलण्याला हसायची, म्हणून तो गप्प झाला, असं ती धरून चालली होती. दीर रखमाजी म्हणत होता की पोरगं मंद आहे, दिवाळीनंतर गुरांमागं धाडू.

वसंतरावांनी सांगितलं ते असं. मुंबईहून दरबारासाठी घोडे घेऊन एक म्हातारा अरब आला होता. घोड्यानं लाथ झाडली आणि नडगी मोडली. आता पाय सडत चालला होता. आज कापला नाही तर माणूस हाती लागत नाही, असं भोरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणत होते. पण त्याला कुणाचं बोलणं कळत नव्हतं आणि तो कुणाला जवळ येऊ देत नव्हता.

गेनू हाक मारताच निघाला. तो पुढं, मागून पायांच्या चिखलासकट बनाबाई.

ती मार्गासनीची लेक. लग्न होईतो डोंगराआड काय आहे हेही तिनं पाहिलं नव्हतं. नवरा गवंडी. मोठी लढाई संपल्यावर सरकार अरबांच्या मुलुखात, बसऱ्याला, बंदराच्या धक्क्याच्या कामावर माणसं न्यायला लागलं, त्यात तो गेला आणि वर्षभरानं तिलाही घेऊन गेला. तिथं चारी दिशांना एकही डोंगर नव्हता. नदी होती, पण तिचं पाणी दिवसातून दोनदा उलटं वर चढायचं. पहिल्या दिवशी ते पाहून बनाबाईनं काठावर बसून हात जोडले होते.

गेनू तिथंच जन्मला. तो दोन महिन्यांचा असताना ती तापानं फणफणली आणि दूध आटलं. शेजारच्या जहरा नावाच्या अरब बाईनं काही न विचारता पोर उचललं आणि आपल्या काळ्या बुरख्याआड स्वतःच्या लेकीशेजारी धरलं. बनाबाईनं आधी डोळे मिटले. मग उघडले, ते पोराचं पोट भरेतो मिटले नाहीत.

तो बोलायला लागला तो दोन्ही बोली. बनाबाईला आई म्हणायचा, जहराला यम्मा. कधी काळजात चटका बसायचा. पण जी बोली बसऱ्याला येईतो तिनं कधी ऐकली नव्हती ती तिच्याच पोटच्या पोराच्या तोंडून झऱ्यासारखी वाहताना ऐकली, की ती हातातलं काम विसरून बघत राही.

तो सहा वर्षांचा झाला आणि चिमाजीला मोंबासाच्या बंदरात काम मिळालं. तिथं दहा माणसांच्या कवेत न मावणारी झाडं होती. गेनूनं सहा महिन्यांत तिथलीही बोली उचलली. बापाच्या हाताखालच्या गड्यांना तोच निरोप सांगायचा, आईला मासळी तोच घेऊन द्यायचा. आपण याला वाढवतोय की हाच आपल्याला वाढवतोय, असं तिला वाटायचं. सहा वर्षांनी गावी परतताना अरबी गलबतात चिमाजी तापानं गेला. खलाशांनी त्याला समुद्रात सोडलं.

दवाखान्याच्या उंबऱ्यात गेनू उभा राहिला. खाटेवर पांढऱ्या दाढीचा म्हातारा दात आवळून पडला होता. गेनू खाटेशी जाऊन वाकला. मग तो अगदी हळू काहीतरी म्हणाला.

म्हाताऱ्यानं मान वळवली. गेनू पुन्हा बोलला, आणि तेवढ्या वेदनेतही म्हातारा हसला.

"काय म्हणतो?" वसंतरावांनी विचारलं.

गेनू लाजला. "म्हनतो, तू बायकांवानी बोलतुस. बसऱ्याच्या आजीबाईवानी."

मग दोघं बोलत राहिले. बनाबाई ओसरीवर बसून ऐकत होती. चार-दोन शब्द कळत होते, बाकी नुसता आवाज. दोन वर्षं बंद असलेला तो आवाज फुटून आता घोगरा, पुरुषी झाला होता, हे तिला आज कळत होतं.

म्हातारा तयार झाला. त्याचं एकच मागणं होतं. कापलेला पाय फेकायचा नाही, मातीत पुरायचा. डॉक्टरांनी होकार दिला. पाय कापताना गेनूनं त्याचं डोकं धरलं. नंतर मागच्या चिंचेखाली त्यानं स्वतःच खड्डा खणला आणि पाय पुरून माती सारखी केली.

म्हातारा वाचला. दोन महिन्यांनी कुबड्या घेऊन मुंबईला गेला. डॉक्टरांनी गेनूला दवाखान्यात कामाला ठेवून घेतलं आणि गुरांचा विषय संपला. पण ते पुढं.

त्या दिवशी मायलेक दिवेलागणीच्या आधी परत निघाले. उत्रोली दिसू लागली तसा गेनू बांधावर बसला.

"आई, आबाला पान्यात सोडलं तवा तू खलाशांना हातानं खुणा करत हुतीस. त्यांना कळंना. मला त्यांची बोली येत हुती. म्या बोललो न्हाई, तोंड फिरवून बसलो."

बनाबाई उभीच राहिली. पोर कशानं गप्प झालं होतं, ते तिला आत्ता कळलं.

"काय सांगत हुतीस त्यांना?" त्यानं विचारलं.

"पानी लई गार आसंल म्हनलं. आपली घोंगडी गुंडाळा म्हनलं त्यांना."

"गुंडाळली?"

"व्हय. म्याच गुंडाळली मग. तवर ते थांबलं, त्याला हात लावला न्हाई."

गेनूनं मान हलवली. ती त्याच्याशेजारी टेकली. त्याच्या नखांत चिंचेखालची माती होती. तिनं त्याचा हात मांडीवर घेतला आणि दोघं तशीच बसून राहिली.