फॉर्मातलं 'नाही'

निमगाव सावाच्या शिवारात म्हस्कूच्या बराखीत, कांदा साठवायच्या चाळीत, आम्ही कांदा निवडत बसलो होतो. वैशाखाचं ऊन पत्र्यावर तापत होतं, खाली सडक्या कांद्याचा वास डोळ्यांत जात होता. म्हस्कू एकदम थबकला. हातातला कांदा हातातच, मान मागं वळलेली.

"काय रं?" मी विचारलं.

"न्हाई... कुणी हाक मारली का?"

कुणीच मारली नव्हती. त्याची बायको निर्मला माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "सालभर आसंच चाललंय भाऊ. जेवताना बी घास खाली ठिवून मागं बघत्यात."

त्याचा थोरला भाऊ जानकू जाऊन दीड वर्ष झालं होतं. उसाला पाणी धरताना छातीत कळ आली आन सरीतच बसला, तो उठलाच नाही. मरायच्या वर्षभर आधीच विमा काढला होता. पण कंपनीचं पत्र आलं. दवाखान्याच्या कागदांत सहा वर्षांचा मधुमेह, फॉर्मात मात्र 'नाही'. पैसे मिळणार नाहीत. जानकूची बायको साधना लेकीला घेऊन दिराच्या जोडीनं राबू लागली. आन माणूस आयुष्यभर सरळ वागला, तो मेल्यावर गावात लबाड ठरला. पारावर लोक म्हणायचे, जानक्यानं कंपनीला फसवायला बघितलं. साधना खाली मान घालून निघून जायची. आत्ताही ती पलीकडं सूप घेऊन खाली मानेनंच बसली होती.

ऊन कलल्यावर जुन्नरचा विमेवाला मोईज आला. निर्मलानंच निरोप धाडला होता. एक घर उघडं पडलेलं तिनं पाहिलं होतं, दुसरं तिला पडू द्यायचं नव्हतं.

"पैसे माघारी देनारा इमा काढा," निर्मला म्हणाली.

"वैनी, त्याचा हप्ता मोठा, आन म्हस्कूभाऊंना काय झालं तर हातात येनार दोन-तीन लाख," मोईज म्हणाला. "त्यापरास ह्यो निव्वळ जोखमीचा घ्या. जगले तर रुपाया माघारी नाय, पर हप्ता लई कमी आन घराला पंचवीस लाख. वयाच्या ऐंशीपतूर बी नको. पोरं कमावती व्हईस्तोवर, साठपतूर बास. हितं पैसं वाचवा."

निर्मलाला पटलं. मोईजनं फॉर्म मांडीवर घेतला. नाव, वय, काम. मग विचारलं, "साखर हाय का?"

म्हस्कूला गेल्याच साली साखर निघालेली. निर्मला झटक्यात म्हणाली, "नाय लिवा. हप्ता वाढंल."

म्हस्कूनं पुन्हा मागं वळून बघितलं. मागं नुसती बराखीची जाळी होती.

"ऐकलंस का?" तो मला म्हणाला. "परत म्हनला."

"कोन?"

"दादा." तो साधनाकडं वळला. "रोज म्हनतो. 'म्हस्क्या, आरं मला साखर हाय ना?' त्या दिशी बांधावर बसून मोबाईलवर त्याचा फॉर्म मीच भरला. एजंट कशाला, मोबाईलवर स्वस्त पडतंय म्हनलो. साखरीचा सवाल आला तवा त्यानं मला इचारलं. मी म्हनलो, गप बस, हप्ता वाढंल. आन 'नाही' वर बोट दाबलं. दादानं न्हाई दडवलं वैनी. मी दडवलं."

साधना सूप बाजूला ठेवून उठली. वाटलं, आता ही ह्याच्या अंगावर जाते. पण ती नुसती उभी राहिली.

"दीड वरीस," ती म्हणाली. "दीड वरीस मी त्यांच्या फोटूपुढं उभी राहून त्यांला शिव्या दिल्या भावजी. माझ्यापसून लपवलं म्हनून. दिवा सुदीक लावला नाय."

म्हस्कू खाली बसला, तोंडावर पंचा धरून. साधना मोईजकडं वळली. "व्हय लिवा. साखर हाय. गोळ्या चालू हायेत, त्या बी लिवा."

"हप्ता थोडा वाढंल वैनी. आन कंपनी रगत तपासायला बोलावंल."

"वाढूंदे."

ती तडक घराकडं गेली. त्यानंतर आठ दिवस ती म्हस्कूशी एक शब्द बोलली नाही. शेतावर यायची, काम करायची, जायची. पारावर मात्र एकदा थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा मालक लबाड नव्हता." एवढंच. दिराचं नाव तिनं घेतलं नाही.

तपासणीच्या सकाळी म्हस्कू उपाशीपोटी मोटरसायकल पुसत होता. साधना धुतलेलं लुगडं नेसून, पिशवी घेऊन समोर आली.

"कुठं निगाली वैनी?" त्यानं बिचकत विचारलं.

"तुमच्यासंगं. जुन्नरला," ती म्हणाली आणि मागं बसली. "डाक्टर इचारंल तवा तुमी काय सांगताय, ते मला माझ्या कानानं ऐकायचंय."