पाण्याने वाढलेले चार किलो

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांचं मंतरलेलं पाणी प्यायलं की क्षणात चार किलो वजन वाढतं, अशी बातमी गावभर झाली होती. एक काटा दाराशी, दुसरा बाबांच्या गादीजवळ. दाराशी छप्पन्न भरलेला आजारी शिंपी आत साठ भरला, तशी त्याच्या बायकोला रडूच फुटलं. त्याच दिवशी त्याची औषधं बंद झाली.

शिंप्याची धाकटी बहीण शाळेत गणित शिकवायची. दर रविवारी ती दादाला आधार देत आणायची आणि दोन्ही आकडे टिपून ठेवायची. दाराशी छप्पन्न, पंचावन्न, चोपन्न, त्रेपन्न. आत साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न. घरी मात्र दादा आपलेच सदरे उसवून आत घेत होता.

तिने आलेख काढला. दोन्ही रेषांचा उतार एकच, आठवड्याला एक किलो.

"वन्सं, देवमाणसाची परीक्षा घेऊ नये," वहिनी म्हणाली.

"माणसाची नाही वहिनी, काट्याची घेतेय."

पाचव्या रविवारी दादा दाराशी बावन्न भरायच्या आधीच तिने सगळ्यांदेखत सांगितलं, "आज आत छप्पन्न भरेल. साठातून गेलेले आठवडे वजा करायचे, झालं."

बाबा हसले. "मुली, पाण्याची लीला वहीत मावत नसते."

दादा काट्यावर चढला. बाबांनी तबकडीवरचा रेशमी रुमाल उचलला. छप्पन्न.

"पाण्यात गुण असता तर ही रेषा वर वळली असती," ती म्हणाली. "ती दाराच्या रेषेला समांतरच उतरतेय, चार किलोंचं अंतर राखून. ते चार किलो काट्यात आहेत, दादात नाहीत."

दादा उतरला. शिष्य लगबगीने रुमाल टाकणार, तोच तिने त्याचा हात धरला. रिकाम्या काट्याची सुई चारावर येऊन थांबली. मागचा स्क्रू तेवढाच पिळलेला होता.

"काटाही पाणी प्यायला असेल," मागून कोणीतरी म्हणालं. हसलं कोणीच नाही.

"म्हणजे मी किती गं?" दादाने विचारलं.

"बावन्न."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी यायला हवं होतं. दोन महिन्यांनी दादा गेला.

"हे तो आकडा बघून आले की दोन घास जास्त खायचे," वहिनी एकदा म्हणाली.

दिलेल्या बिंदूतून जाणाऱ्या समांतर रेषेचं समीकरण शिकवताना ती आता प्रत्येक वर्गाला सांगते, "वाढलेला आकडा कोणी दाखवला, तर आधी रिकामा काटा बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणाचंही औषध थांबवू देऊ नका."