चमकीची लांब दांडी

आरशात मान जरा वळवली की चमकीचा खडा आणि नाकपुडी यांच्यामध्ये फट दिसायची, तांदळाचा दाणा आडवा बसेल एवढी. टोचल्यावर नाक सुजतं, म्हणून सुरुवातीला दांडी मुद्दाम लांब घालतात. सूज उतरली की ती काढून आखूड घालायची. गार्गीची सूज केव्हाच उतरली होती. तरी दांडी लांबच होती, आणि भोकाशेजारी एक लालसर फोड आला होता.

फोडाचं कारण तिला ठाऊक होतं. सैल दांडी टॉवेलात अडकते, प्रयोगशाळेत मास्क काढताना ओढली जाते, आणि दर वेळी आत धरलेली कोवळी कातडी फाटते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या बाईला हे कोणी सांगायला नको. घरी मात्र ती "अजून भरलं नाही" एवढंच म्हणायची.

नाक टोचायचं निघालं ते मिहिरच्या आईंमुळे. मिहिरशी होणाऱ्या लग्नात गार्गीने त्यांच्या सासूबाईंची नथ घालायची, आणि तिची तार टोचलेल्या नाकातच जाते. चापाची चालणार नाही का, असं गार्गीच्या आईने विचारून पाहिलं. त्यावर त्यांनी आपल्या नणंदेची चापाची नथ भर पंगतीत मठ्ठ्यात कशी पडली, ते हसत हसत सांगितलं. मग नाक बरं झालं की तारीख धरू, असं ठरलं. गार्गीनेही मान हलवली. मन होत नव्हतं, पण मिहिरमध्ये नाकारण्यासारखं काही सापडत नव्हतं, आणि कारण दाखवता येत नसेल तर नाही म्हणू नये, असं ती धरून चालली होती. कारण सापडेना, आणि नाक बरं होईना.

शेवटी शनिवारची क्रिकेटची मॅच सोडून मिहिर स्वतःच तिला घाटकोपरला, जिथे नाक टोचलं होतं त्या दुकानात घेऊन आला. टोचणाऱ्या शीतलने दिवा जवळ ओढला.

"किती मेसेज टाकले गं तुला? ही सूज नाहीये. दांडी हलतेय नुसती. तू तर लॅबवाली ना?"

 गार्गीला कामातून वेळच मिळत नाही, असं मिहिरने परस्पर सांगून टाकलं.

"तुम्ही वकील का हिचे?"

"होणारा नवरा."

"मग तेच की."

तिघंही हसली. शीतलने जुनी चमकी काढली, नाक मिठाच्या पाण्याने पुसलं आणि आखूड दांडीची चमकी बसवली. खडा कातडीला टेकला. गार्गीने नाक हलवून पाहिलं. काहीच हललं नाही. नथीचं कधी जमेल, असं मिहिरने विचारलं. फोड बसला की दिवाळीनंतर खुशाल घाला, असं शीतल म्हणाली.

जिन्यातच त्याने आईला कळवायला फोन काढला. गार्गीने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"दुखतंय?"

"नाही."

तो थांबला, काळजीने तिच्या नाकाकडे बघत. लांबवत राहिलं तर निदान कोणी दुखावणार नाही, असं तिला इतके दिवस वाटत आलं होतं. पण दर आठवड्याला हा माणूस थोडा थोडा जास्त तिचा होत होता.

"आईंना फोन नको करूस," ती म्हणाली. "मिहिर, मला हे लग्न करायचं नाही."